सासूबाईंचं लोह

विश्वंभर अर्जुनवाडकर हे नाव आणि तो माणूस, दोन्ही कुठल्याच फॉर्मच्या चौकटीत मावत नसत. नावाचं काही करता येण्यासारखं नव्हतं. माणसाचं करता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

सांगली-मिरज रस्त्यावर त्यांचं 'श्रीरंग मंगल कार्यालय' होतं. मुलीकडची मंडळी हॉल बघायला येत, आधी मालकाकडे बघत, आणि जेवण कसं असतं हे न विचारताच तारीख पक्की करत. प्रत्येक लग्नाच्या स्वयंपाकाची चव विश्वंभरराव स्वतः बघत. चव बघायला चमचा पुरतो हे त्यांना मान्य नव्हतं. चमच्याने पदार्थ कळतो, पंगत कळायला ताटच लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हंगामात एका दिवसात दोन मुहूर्त असले की दोन पंगती कळून घ्याव्या लागत.

काळ पुढे गेला होता. अमेरिकेतले मामा भिंतीएवढ्या पडद्यावरून अक्षता टाकत आणि त्या इकडे छताच्या पेटीतून बरोबर नवरानवरीच्या डोक्यावर पडत. गुरुजी बेसूर झाले तर मंगलाष्टकं यंत्र आपोआप सुरात आणत असे. फक्त जेवायला माणसाला अजून जातीने यावं लागे, आणि विश्वंभरराव ते काम मनापासून करत आले होते. त्यातून साखर आली, गुडघे गेले, आणि झोपेत श्वास अडकू लागला. श्वास थांबला की त्यांची बायको शरयू जागी होई आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत उशाशी बसून राही. सकाळी ती याबद्दल काही बोलत नसे. एकदा बोलली ती थेट शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच.

शस्त्रक्रिया समजायला सोपी आहे. जठराचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करायचा आणि तो आतड्याच्या पुढच्या भागाला जोडायचा. मधला वीतभर भाग टाळायचा, बाह्यवळण रस्त्याने गाव टाळतात तसा. खाणं कमी होतं, वजन उतरतं. अडचण एवढीच की लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्या टाळलेल्या गावातच उतरत असतात. बी-बाराला उतरवून घ्यायला जठरातून एक खास प्रथिन यावं लागतं, आणि जठर तर आता वाटेतच राहिलेलं नाही. म्हणून या लोकांनी आयुष्यभर रोज पूरक गोळ्या घ्यायच्या असतात. पण आयुष्यभर रोज एकच गोष्ट न विसरता करणं माणसाला जमत नाही. तो गोळ्या घेतो, त्याला बरं वाटतं, आणि बरं वाटतंय म्हणून तो गोळ्या बंद करतो. मग वर्षाभराने जिन्यात धाप लागते आणि कंगव्यात केस येतात.

यावर एका प्रयोगशाळेने तोडगा काढला होता. खायला काय कमी पडतंय हे शरीर कधीकधी स्वतःच सांगतं. गुरं मिठाचा खडा चाटतात, गरोदर बाईला भाजलेली माती खावीशी वाटते. पण एरवी माणसाचं शरीर या बाबतीत भरवशाचं नाही. त्याला लोह कमी पडलं तरी ते भजी मागतं. म्हणून तांदळाएवढं एक यंत्र पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या मज्जातंतूशेजारी बसवायचं. कागदोपत्री त्याचं नाव 'पोषणसंकेतक' होतं, पण रुग्ण त्याला 'दाणा' म्हणत. दाणा रक्तातलं एकेक द्रव्य तपासतो. एखादं कमी पडलं की मज्जातंतूला हलकेच डिवचतो, आणि माणसाला काहीतरी हवंहवंसं वाटू लागतं. ते द्रव्य पोटातून रक्तात उतरलं की दाणा समाधान पाठवतो.

ते 'काहीतरी' म्हणजे नक्की काय, हे मात्र मेंदूला शिकवावं लागे. त्यासाठी पहिला महिना ओळखीचा. कॅल्शियमच्या गोळीला संत्र्याची चव, लोहाच्या गोळीला जांभळाची, बाकीच्यांना पेरूची. गोळी एकट्याने, शांत खोलीत, सावकाश चावून खायची. त्या वेळी कानात, नाकात, डोळ्यांसमोर दुसरं काही नको, कारण त्या क्षणी जे सगळ्यांत ठळक जाणवेल त्याच्याशीच मेंदू गाठ बांधतो. महिन्याभराने माणसाला आपोआप जांभळाची तलफ येते, तो उठून लोहाची गोळी खातो, आणि कुणालाही आठवण करून द्यावी लागत नाही.

हा महिना विश्वंभररावांनी मुद्दाम अधिकात धरला. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात, त्यामुळे कार्यालय रिकामं असतं. ते रिकामं असतं म्हणून शरयूने नेमकं तेव्हाच रंगकाम काढलं आणि ती दिवसभर रंगाऱ्यांच्या मागे परांचीवर उभी राहू लागली. आणि अधिक होता म्हणूनच तिची आई, द्वारकाबाई, जावयाला वाण द्यायला मिरजेहून आल्या. रिवाजाप्रमाणे जावयाने सासरी जायचं. जावई अजून पोट धरून चालत असल्याने या वेळी सासर जावयाकडे आलं.

सासू-जावयात अठ्ठावीस वर्षं फारसं बोलणं नव्हतं. लग्नात विश्वंभररावांनी जिलबी तिसऱ्यांदा मागितली तेव्हा द्वारकाबाई विहिणीच्या देखत म्हणाल्या होत्या, "हे एकटे जावई आहेत की अख्खी पंगत?" लोक हसले. विश्वंभरराव हसले नाहीत. तेव्हापासून शरयूशी बोलताना ते सासूबाईंचा उल्लेख 'तुझी आई' असा करत, आणि तोही गरज पडली तरच.

"तेहतीस अनारशांचं पीठ भिजवून आणलंय," द्वारकाबाई पिशवी खाली ठेवत म्हणाल्या.

"आई, त्यांना अनारसे चालत नाहीत," शरयू म्हणाली. "एवढं गोड पोटात गेलं की घाम फुटतो त्यांना. आडवेच होतात."

"एक?"

"अर्धासुद्धा नाही."

"मग वाण कशाचं देऊ? अधिकात जावई म्हणजे विष्णू. विष्णूपुढे मोकळं ताट धरू?"

शरयू घाईत होती. रंगारी खोळंबले होते. "या गोळ्या आहेत त्यांच्या, त्या दे!" असं म्हणून ती चपला घालून गेली.

द्वारकाबाईंना विनोद फारसे कळत नसत, सूचना मात्र कळत. त्यांनी सगळ्या बाटल्या ओळीने मांडल्या. वाणाचा पदार्थ जाळीदार हवा असतो, म्हणून पंचांग वाचायचं भिंग घेऊन त्यांनी एकेक गोळी तपासली. पेरूच्या गोळीला जाळी नव्हती. संत्र्याच्या गोळीवरचं नाव वाचून त्यांनी जावयालाच विचारलं, "कॅल्शियम म्हणजे चुनाच ना?"

"तसंच काहीतरी," विश्वंभरराव भिंतीला उद्देशून म्हणाले.

"मग ती नको. जावयाला चुना देतात होय?"

उरली लोहाची. भिंगाखाली तिच्यावर बारीक बारीक भोकं दिसली. लोखंड शनीला देतात हे द्वारकाबाईंच्या ध्यानात होतं. पण गोळी जांभळाची असल्याने शनीचा इथे काही संबंध येत नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. तांब्याच्या ताम्हनात तेहतीस गोळ्या मोजल्या, वर तुळशीपत्र ठेवलं, निरांजन लावलं.

आणि मग रोज सकाळी एक गोळी, असं ते सुरू झालं. पाट, त्याभोवती रांगोळी. डांबरगोळ्यांच्या वासाची ठेवणीतली नऊवारी नेसून द्वारकाबाई समोर बसत, कुंकू लावत, ओवाळत, पुरुषोत्तमाचं एक लांबलचक पद किनऱ्या आवाजात म्हणत, आणि शेवटी म्हणत, "घ्या, जावईबापू." विश्वंभररावांना लहानपणी एरंडेल ज्या पद्धतीने दिलं गेलं होतं, त्याच पद्धतीने ते सगळी औषधं घेत. डोळे घट्ट मिटायचे, आ करायचा, गिळायचं. जांभूळ जिभेला लागलंच नाही. मेंदूपर्यंत जे पोचलं ते एवढंच: पापण्यांवर निरांजनाचा उजेड, नाकात डांबरगोळी, आणि कानात "घ्या, जावईबापू."

"चावून खाल्लीत ना?" शरयू फोनवर विचारी. मागे रंगाऱ्यांची आरडाओरड ऐकू येई.

"हो, हो."

महिना संपला. द्वारकाबाई मिरजेला परत गेल्या. चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी सकाळी विश्वंभरराव घरभर फिरू लागले. फ्रीज उघडला, बंद केला. देवघरात डोकावले. कपाटातली डांबरगोळी काढून हुंगली.

"काय हवंय?" शरयूने विचारलं.

"काही नाही." मग जरा वेळाने, "आई पोचल्या का गं नीट?"

"कुणाच्या आई?"

"आपल्या. मिरजेच्या."

शरयूने हातातली किल्ली खाली ठेवली. "पोचून चार दिवस झाले."

"नाही, फोन केला पाहिजे. या वयात एकटं राहायचं म्हणजे..." आणि त्यांनी स्वतः फोन लावला. नंबर शरयूकडून घ्यावा लागला, कारण अठ्ठावीस वर्षांत तो त्यांच्याकडे कधी नव्हता.

दुपारी ते मिरजेला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. द्वारकाबाई प्रथम घाबरल्या. जावई सांगून-सवरून येतो, न सांगता येतो तो घरात काहीतरी झालं म्हणून. पण जावई नुसताच येऊन समोर बसे आणि समाधानाने त्यांच्याकडे बघत राही. चौथ्या दिवसापासून त्याही सकाळीच आवरून बसू लागल्या. विश्वंभरराव गोळी खिशातून आणत, त्या ती ताम्हनात ठेवून देत, आणि दारी आलेल्या जावयाला कोरडं कसं पाठवायचं म्हणून वर आल्याचा कडक चहा करून देत.

आणि तिथेच सगळं चुकत होतं. चहातलं द्रव्य लोहाला धरून ठेवतं, रक्तात उतरू देत नाही. गोळी पोटात जाई पण लोह रक्तात येत नसे. दाणा आपला इमानाने डिवचत राही. त्यामुळे मिरजेहून घरी पोचेपर्यंत विश्वंभररावांना पुन्हा हुरहूर लागे. दिवसातून एक खेप होती त्याच्या दोन झाल्या. त्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ बदलून दिला. त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. एकदा तर येताना अबोलीचा गजरा घेतला.

शरयूने तो गजरा गाडीत पाहिला, आणि आपल्यासाठी आहे असं तिला साधारण दहा मिनिटं वाटलं.

"हा उद्या सकाळी आईंना न्यायचाय," विश्वंभरराव म्हणाले. "फ्रीजमध्ये ठेव गं जरा."

शरयूने ठेवला. दार जरा जोरात लागलं.

"का, काय झालं?"

"काही नाही. अठ्ठावीस वर्षांत मला कधी गजरा आणलात?"

"तुला फुलांची शिंक येते म्हणालीस."

"ते लग्नाच्या आधी म्हणाले होते. आणि गजऱ्याचं सोडा. महिनाभर मी परांचीवर उभी होते. अंधार पडल्यावर घरी यायचे. एकदा तरी म्हणालात का, उशीर का झाला? आई अर्धा तास देवळात गेली तर तुम्ही रिक्षा करून शोधायला गेलात!"

विश्वंभरराव प्रामाणिक माणूस होते. त्यांनी विचार केला. "खरंय," ते म्हणाले. "मलाच कळत नाही काय होतंय. त्या दिसल्या नाहीत की मला जिना चढवत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून शरयूच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच थांबलं. जिना चढवत नाही, हे तिने दवाखान्याच्या माहितीपुस्तिकेत वाचलं होतं. तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर निशिगंधा आवटे वयाने लहान होत्या आणि त्यामुळे कशानेच चकित न झाल्यासारखं दाखवत. त्यांनी दाण्याचा आलेख पडद्यावर घेतला. कॅल्शियम ठीक. बी-बारा ठीक. लोहाची रेघ मात्र मिरज रस्त्यासारखी, खाली खाली आणि खड्ड्यांची.

"लोहाची गोळी घेता?"

"एक दिवस चुकवली नाही."

"कशाबरोबर?"

"सासूबाईंबरोबर," विश्वंभरराव म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. ताम्हन, निरांजन, पद, आल्याचा चहा. डॉक्टर बराच वेळ टाईप करत होत्या. "असं आहे," त्या शेवटी म्हणाल्या, "तुमच्या मेंदूने जांभळाऐवजी सासूबाईंशी गाठ बांधलीय. गाठ फार पक्की आहे. उजेड, वास, आवाज, सगळं एकदम मिळालं ना त्याला. आम्ही प्रयोगशाळेत करतो त्यापेक्षा चांगलं झालंय, खरं सांगायचं तर."

"मग एवढ्या सगळ्यात मी कुठे आहे?" शरयूने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे मी ह्यांचं कोणतं व्हिटॅमिन?"

डॉक्टरांनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही... कुठलंच नाही."

मग शरयू खुर्चीत सरसावून बसली. शालूच्या दुकानात पहिला नापसंत पडला की ती अशीच बसे. "बदलता येतं?"

"येतं. दाणा आठवडाभर झोपवायचा, मग नवी ओळख शिकवायची."

"मग लोह आईकडून काढा आणि मला द्या."

"त्यात एक धोका आहे. तुमचा आवाज अगदी आईंसारखा आहे का?"

"सगळे तसं म्हणतात."

"मग मेंदूचा गोंधळ होईल, लोहाची जुनी गाठ त्याच आवाजाशी आहे. तुम्ही हाक मारलीत तर ह्यांना वाटेल, त्याच बोलावताहेत."

शरयूने तो विषय तिथेच सोडला. "दुसरं दाखवा."

"बी-बारा आहे. मज्जातंतूंना फार महत्त्वाचं. पण यकृतात त्याचा मोठा साठा असतो. एकदा भरलं की दोन-तीन वर्षं कमी पडत नाही."

"म्हणजे तीन वर्षांतून एकदा माझी आठवण? मी काय अधिक महिना आहे? रोजचं काही नाही का?"

"थायमिन, म्हणजे बी-वन. हे लवकर संपतं, आठवड्यांतच. पण ते फार कमी झालं तर माणूस गोंधळतो, कधीकधी समोरचं माणूस ओळखू येत नाही."

"वा! म्हणजे माझी ओढ लागेल तेव्हा मी कोण तेच कळायचं नाही. पुढचं."

"व्हिटॅमिन ए. हे मात्र जपून. जास्त झालं तर शरीरातच साठतं आणि विषारी ठरतं."

"हे जमेल," विश्वंभरराव पुटपुटले. शरयूने वळून पाहिलं, आणि डॉक्टरांनी घाईघाईने पान उलटलं.

"कॅल्शियम," त्या म्हणाल्या. "शरीराला एका वेळी थोडंच उचलता येतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यावं लागतं. हाडांना बळकटी. जन्मभर."

"दिवसातून तीनदा," शरयू म्हणाली. तिने पदर सारखा केला. "हे बरं दिसतंय."

"फक्त एक. कॅल्शियम आणि लोह एकत्र चालत नाहीत. एकमेकांना उतरू देत नाहीत. दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे तुम्ही आणि तुमच्या आई एकाच वेळी..."

"ते आत्ताही तसंच आहे," विश्वंभरराव म्हणाले.

कॅल्शियम ठरलं. डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. दाणा दुसऱ्याच दिवशी झोपवायचा. आठवडाभर रोज येऊन सलाईन घ्यायचं, त्यातून सगळं भरून मिळेल. "या सात दिवसांत त्यांना कशाचीही उणीव भासणार नाही. कुणाचीही ओढ लागणार नाही. काळजी करू नका."

शरयूने मान हलवली आणि त्याच क्षणापासून काळजी करायला लागली. तिच्या लक्षात आलं की तिला हवी असलेली परीक्षा आयतीच समोर आली आहे. लोह भरलेलं, कॅल्शियम भरलेलं, डिवचायला कुणी नाही. या सात दिवसांत हा माणूस आपल्याकडे आला, तर तो स्वतः आला असेल. नाही आला, तर तेही कळेल. तिने हे कुणाला सांगितलं नाही. परीक्षा आहे असं कळलं की विश्वंभरराव अभ्यास करतात, हे तिला माहीत होतं.

पहिल्या दिवशी द्वारकाबाईंचा फोन आला. "जावईबापू आले नाहीत गं आज."

"बरे आहेत ते, आई."

"बरे आहेत म्हणून आले नाहीत?"

"हो."

"मग असू देत बरे," द्वारकाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. पण त्या आवरून बसल्या असणार, हे शरयूला इथून दिसत होतं.

विश्वंभरराव मात्र सुखात होते. पूर्ण भरलेल्या माणसाइतका घराला निरुपयोगी माणूस दुसरा नाही. ते आरामखुर्चीत बसत, पंख्याकडे बघत, विचारलं तर "छान" म्हणत. शरयूने एक दिवस वांगी रंगाची साडी नेसली. "छान," ते म्हणाले. साडीला म्हणाले की पंख्याला, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा घरी आली. त्यांनी दार उघडलं आणि पुन्हा जाऊन बसले. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. शरयू मनात म्हणाली, तीनदा तर तीनदा. कॅल्शियम तर कॅल्शियम. काही नसण्यापेक्षा बरं.

सहाव्या दिवशी कार्यालयात हंगामातलं पहिलं लग्न होतं, आणि पहिल्याच लग्नात मुलाचा मामा रुसला. कारण साधं होतं. त्याला गुलाबी फेटा मिळाला होता. आणि दुसरा मामा, जो अमेरिकेत बसून पडद्यावरून अक्षता टाकत होता, त्याच्या डोक्यावर यंत्राने चढवलेला फेटा भगवा होता. "प्रत्यक्ष आलेल्याला गुलाबी आणि न आलेल्याला भगवा?" असं ओरडून मामा कोठीच्या खोलीत गेला आणि तांदळाच्या पोत्यावर बसला. भगवे फेटे संपले होते. मुहूर्त टळायची वेळ आली. विश्वंभरराव दारातून बघत होते, पण त्यांची सलाईनची वेळ झाली आणि त्यांना निघावं लागलं.

दुपारी उशिरा शरयू कार्यालयाच्या लहान खोलीत एकटी बसली होती. हॉल रिकामा झाला होता. मांडववाले खुर्च्या रचत होते. दार उघडलं आणि विश्वंभरराव आत आले.

"काय हो?"

"काही नाही."

"जेवायचंय? सूप आहे तुमचं."

"प्यायलो."

शरयूने त्यांचं मनगट धरून दवाखान्याने रक्त तपासायला बांधलेल्या पट्टीवरचे आकडे पाहिले. सगळे हिरवे होते. "सगळं भरलेलं आहे," ती म्हणाली. आवाज तिला जमेल तेवढा साधा ठेवला होता.

"माहितीय."

"दाणा झोपलेला आहे."

"हो ना." त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. जुन्या मापाने खुर्ची त्यांना आता सैल होत होती. "त्या मामाचं काय झालं?"

"कुठल्या?"

"फेटेवाल्या! मी गेलो तेव्हा पोत्यावर बसला होता."

"सदाशिवला विचारायचं. तो तिथेच होता की, वाढप सोडून बघत."

"विचारलं. तो म्हणतो, समजूत काढली, जेवून गेले." विश्वंभररावांनी हात झटकला. "असं सांगतात का? काही चव आहे? तू सांग. पहिल्यापासून. तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस, तोंड कसं केलं त्याने. दुसऱ्या कुणी सांगितलं की मजाच येत नाही. तिकडे सलाईन लावून पडलो होतो, तेव्हापासून डोक्यात तेच. कधी एकदा येतो नि विचारतो असं झालं होतं."

शरयू त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खोलीचं दार लोटून घेतलं.

"पोत्यावर बसून काय म्हणतो माहितीय? 'मला पडद्यावर घाला. मग मलाही भगवा मिळेल.'"

"हॅ!"

"देवाशप्पथ. मी म्हटलं, मामा, तुम्ही दोन मिनिटं या तर. त्याचा हात धरला, हॉलमध्ये आणला, आणि आपल्या पडद्यावाल्याला म्हटलं, रंग फिरव. फिरव अजून. अमेरिकेतल्या मामाचा फेटा झाला गुलाबी."

"आणि?"

"आणि मामाही गुलाबी झाला. मामी गुलाबी. त्यांचा कुत्रा बसला होता सोफ्यावर, तोही गुलाबी. हा इकडे बघतो, तिकडे बघतो, आणि म्हणतो," इथे शरयूने हनुवटी आत घेतली आणि आवाज जाड केला, "'आता कसं घरचं वाटतंय!'"

विश्वंभरराव पोट धरून हसू लागले. पोट पूर्वीइतकं हाताला लागत नव्हतं, म्हणून त्यांनी टेबल धरलं. "पुन्हा कर," ते म्हणाले. "ते हनुवटीचं पुन्हा कर."

तिने तीनदा करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सलाईनची शेवटची बाटली लागली होती. डॉक्टर आवटे नवी ओळख शिकवायची सामग्री घेऊन आल्या. "मॅडम, तुमचा आवाज नोंदवून घेऊ. कॅल्शियम नक्की ना?"

"नको," शरयू म्हणाली. "कॅल्शियम संत्र्याकडेच राहू दे. ते आपलं नीट काम करतंय."

"आणि लोह? ते तरी परत जांभळाला जोडून देते. तुमचा त्रास तोच होता ना?"

शरयूने बाहेर पाहिलं. पलंगाशेजारच्या खिडकीतून मिरजेच्या बाजूचा रस्ता दिसत होता. "लोह आईकडेच ठेवा," ती म्हणाली. "चहा बंद करायला मी सांगते तिला. लिंबूपाणी देऊ दे."

"लिंबाने लोह चांगलं उतरतं," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्यांना राहवलं नाही. "पण मग तुमच्याकडे काहीच राहिलं नाही."

"चालेल." शरयूने पर्स उचलली. "अहो, किती वेळ आहे अजून? सदाशिवचा फोन होता. आजच्या लग्नात मुलीची आत्या रुसलीय."

"कशावरून?" विश्वंभरराव ताडकन उठून बसले आणि पाय खाली टाकून चालू लागले. हाताला अजून सलाईन आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. नर्सने स्टँड धरला आणि ती त्यांच्यामागे दारापर्यंत पळत गेली.